दोन आर्वी आणि २६० शेअर

१/
आर्वी नावाचे एक गाव वर्धा जिल्ह्यात आहे. ते तालुक्याचे ठिकाण, कापसाच्या पट्ट्यातले. पुलगावहून तिथे एके काळी अरुंद रुळांची रेल्वे येत असे. दुसरी आर्वी पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. तिथे १९७१ मध्ये परदेशांशी दूरसंचार साधणारे उपग्रह भूस्थानक सुरू झाले. ते ‘विक्रम’ या नावाने ओळखले जाते. एका कुटुंबाच्या वारसाहक्काचा हिशेब या दोन सारख्या नावांमध्ये वीस वर्षे अडकून पडला होता. तो सोडवताना भारतातील एका मोठ्या खासगीकरणाचा इतिहासच पायरीपायरीने उलगडत गेला.

२/
वडील वर्ध्याच्या आर्वीचे. तंत्रज्ञ म्हणून नोकरी लागली ती जुन्नरच्या आर्वीत. एका आर्वीतून निघून दुसऱ्या आर्वीत पोहोचलो, हा त्यांचा आयुष्यभराचा विनोद होता. २००४ मध्ये निवृत्त होऊन ते गावी परतले. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मृत्युपत्र नव्हते. मुलगी पुलगावला शाळेत गणित शिकवते.

३/
तेराव्यानंतर लोखंडी पेटी उघडली गेली. तिच्यात तीन गोष्टी सापडल्या. विदेश संचार निगम लिमिटेडच्या २० शेअरचे एक प्रमाणपत्र, २०० शेअर दाखवणारे डिमॅट खात्याचे एक जुने विवरण, आणि वडिलांच्या बारीक अक्षरातली जमाखर्चाची वही. पेटीजवळच थोरल्या भावाने आणलेला दुसराही एक कागद होता. तो बहिणीने सही करायच्या हक्कसोडपत्राचा मसुदा होता. त्यात घर होते, दोन एकर शेत होते आणि शेवटी ‘इतर सर्व जंगम मालमत्ता’ हे चार शब्द होते.

४/
शेअरविषयी घरात तीन मते होती. थोरला म्हणाला, “बोनस तिप्पट झाला होता, बाबा स्वतः सांगत. म्हणजे २२० चे ६६० झाले असतील. पण डिमॅटला नॉमिनी मी आहे, तेव्हा ते माझ्याकडेच येतील.” धाकटा म्हणाला, “बोनस फक्त बरीच वर्षे शेअर धरून ठेवणाऱ्यांना असतो. बाबांना मिळालाच नसेल. अन् ती कंपनी आता आहे कुठे? काहून एवढी खटपट?” आई काहीच बोलली नाही. मुलीने मसुद्यावर सही केली नाही. वही तेवढी मागून घेतली.

५/
ही कंपनी आली कुठून, इथून हिशेबाला सुरुवात करावी लागते. परदेशी तारा आणि रेडिओसंदेश वाहणारा व्यवसाय पूर्वी ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ या खासगी कंपनीकडे होता. १९४७ मध्ये सरकारने तो ताब्यात घेऊन ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे खाते केले. १ एप्रिल १९८६ पासून त्या खात्याचे काम विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडे आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतातील सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले तेही याच निगमाकडून. खाते होते तोवर त्याला भागधारक नव्हते. कंपनी झाल्यावर तिची मालकी शेअरमध्ये मोजता येऊ लागली, आणि जे मोजता येते ते विकताही येते.

६/
ही विक्री १९९१-९२ मध्ये सुरू झाली. परकीय चलनाच्या संकटात सापडलेल्या सरकारने त्या वर्षी सार्वजनिक कंपन्यांतील थोडेथोडे शेअर विकून ३,०३८ कोटी रुपये उभे केले. शेअर गठ्ठ्याने विकले गेले आणि ते मुख्यतः वित्तसंस्थांनी घेतले. याला निर्गुंतवणूक म्हणतात. मालकीचा एक तुकडा जातो, पण कारभार सरकारकडेच राहतो. खासगीकरणात कारभारच दुसऱ्याच्या हाती जातो. विदेश संचारच्या वाट्याला हे दोन्ही आले, आधी निर्गुंतवणूक आणि मग खासगीकरण. त्या आर्वीकराचे शेअरही या दोन वेगवेगळ्या टप्प्यांत त्याच्या हाती आले होते. घरातल्या गोंधळाचे मूळ इथेच होते.

७/
पहिला टप्पा १९९९-२००० चा. त्या आर्थिक वर्षात सरकारने निगमाचे काही शेअर देशातील गुंतवणूकदारांना विकून ७५ कोटी रुपये मिळवले. पेटीतले २० शेअरचे प्रमाणपत्र त्या वेळचे. वहीत त्या खर्चाखाली वडिलांनी दोन रेघा ओढल्या होत्या. संसारी माणूस मोठ्या खर्चाखाली ओढतो तशा.

८/
दुसरी नोंद २००० मधली. त्या वर्षी निगमाने एका शेअरमागे दोन बोनस शेअर दिले. कंपनीचे एकूण शेअर ९.५ कोटी होते, ते २८.५ कोटी झाले. प्रत्येक शेअरचे दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणजे भागभांडवल ९५ कोटींवरून २८५ कोटींवर गेले. ही १९० कोटींची भर बाहेरून आली नव्हती. कंपनीच्याच राखीव निधीतली रक्कम हिशेबाच्या वहीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली होती.

९/
कापसाच्या गावात हे समजावणे अवघड नाही. एक मोठी गाठ फोडून तीन लहान गाठी बांधल्या म्हणजे कापूस वाढत नाही. बोनसआधी ९.५ कोटींत २० आणि बोनसनंतर २८.५ कोटींत ६०, हा वाटा तंतोतंत तोच राहतो. बाजारातला भावही त्याच प्रमाणात खाली उतरतो. बोनस श्रीमंत करत नाही. पण ज्याचा बोनस हिशेबातून गळला, त्याच्या तीन गाठींपैकी दोन दुसऱ्याच्या गोदामात राहतात. बोनस ही भेट नव्हे, हे कळल्यावरच तो सोडून देणे किती महागात पडते ते कळते.

१०/
धाकट्या भावाचा समज अगदीच निराधार नव्हता. ‘बोनस’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. ब्रिटनने १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम विकायला काढली, तेव्हा तीन वर्षे शेअर न विकणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला दहामागे एक शेअर जादा देण्याचे वचन होते. भारतातही २०१४ मध्ये सरकारी कंपन्यांच्या शेअरवर आधारलेला सीपीएसई ईटीएफ आला, तेव्हा वर्षभर टिकून राहणाऱ्या लहान गुंतवणूकदारांसाठी पंधरामागे एक युनिट ठेवले होते. ही निष्ठेची बक्षिसे. ती विक्रेता देतो आणि काही जणांनाच मिळतात. निगमाचा २००० सालचा बोनस तसा नव्हता. तो कंपनीने दिला होता आणि प्रत्येक भागधारकाला दिला होता, अगदी सरकारलाही.

११/
मग वडिलांचे ४० बोनस शेअर कुठे गेले? त्यांचे प्रमाणपत्र पेटीत नव्हते. उत्तर वहीत मिळाले. २००१-०२ च्या जमेच्या बाजूला एक ओळ होती: ‘वि.सं.नि. विशेष लाभांश, रु. ४,५००.’ खासगीकरणाच्या तोंडावर निगमाच्या तिजोरीत मोठी रोकड साठलेली होती. ती खरेदीदाराच्या हाती जाण्याआधी भागधारकांत वाटली गेली. सर्वांत मोठा भागधारक सरकारच होते. विशेष लाभांशाचा दर शेअरमागे ७५ रुपये. त्या काळी लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे, त्यामुळे भागधारकाला रक्कम पूर्ण मिळे. ४,५०० भागिले ७५ म्हणजे ६०. प्रमाणपत्र हरवले होते, पण २० चे ६० झाले होते याची साक्ष एका भागाकाराने दिली.

१२/
खासगीकरण त्यानंतर झाले. निगमात सरकारचा वाटा ५२.९७ टक्के होता. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यातला २५ टक्के वाटा टाटा समूहाच्या पॅनाटोन फिनव्हेस्ट या कंपनीला विकला गेला. शेअरचा भाव २०२ रुपये, एकूण रक्कम सुमारे १,४३९ कोटी. कारभार टाटांकडे गेला. आणखी १.८५ टक्के वाटा कर्मचाऱ्यांना देण्यात आला. सरकारकडे २६.१२ टक्के उरले. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीतली निगमाची मक्तेदारीही त्याच वर्षी १ एप्रिलला संपली. भूस्थानकातल्या कर्मचाऱ्यांसाठी हा काळ धाकधुकीचा होता. सरकारी नोकरी करता करता एके दिवशी मालक बदलला होता आणि हाती थोडी मालकीही आली होती.

१३/
डिमॅट विवरणातले २०० शेअर या कर्मचारी वाट्यातले. थोरल्या भावाची चूक इथे सापडते. बोनस झाला २०००मध्ये, आणि हे शेअर आले खासगीकरणाच्या वेळी. ज्या शेअरची नोंद बोनसच्या ठरलेल्या तारखेनंतर झाली, त्याला तो बोनस लागू होत नाही. तिपटीचा गुणाकार फक्त पहिल्या २० ला करायचा. ६० आणि २०० मिळून २६०. ना ६६०, ना २२०. अशा हिशेबात किती शेअर होते याच्या आधी ते कधी आले हे विचारावे लागते. तारखांचा क्रम चुकला की पुढची सगळी बेरीज चुकते, हे मुलीने भावांना एका कागदावर तीन ओळींत मांडून दाखवले. थोरला बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

१४/
कंपनी बंद पडलेली नव्हती. २००८ मध्ये तिचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. २०० शेअर डिमॅटमध्ये असल्याने नाव आपोआप बदलले आणि लाभांश दरवर्षी वडिलांच्या बँक खात्यात जमा होत राहिला. ६० शेअर कागदी होते. त्यांच्या लाभांशाचे लिफाफे जुन्या पत्त्यावर, म्हणजे जुन्नरच्या आर्वीतल्या निवासस्थानी जात राहिले. पत्ता बदलण्याचा अर्ज वडिलांनी केलाच नव्हता. पत्त्यात आर्वी आणि गावही आर्वीच, तेव्हा पत्र येईलच, असे कदाचित त्यांना वाटले असावे.

१५/
कंपनी कायद्यानुसार सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर केंद्र सरकारच्या ‘गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी’कडे वर्ग होतात. तशा शेअरची यादी कंपनीला आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते. टाटा कम्युनिकेशन्सच्या यादीत वडिलांचा फोलिओ क्रमांक होता, आणि त्यासमोरचा आकडा ६० होता. वहीतला भागाकार खरा ठरला. निधीत गेलेले शेअर बुडत नाहीत. मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसांना ते अर्ज करून परत मागता येतात. त्या शेअरवर पुढे मिळालेले लाभही त्याच निधीत, त्याच हक्कदाराच्या नावे जमा होत राहतात.

१६/
असा एक लाभ मिळालाही होता, आणि तो घरात कोणालाच ठाऊक नव्हता. निगमाकडे पुण्याजवळची दिघी, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता येथे शेकडो एकर जादा जमीन होती. दूरसंचार चालवायला तिची गरज नव्हती, म्हणून २००२ च्या करारात ती विक्रीच्या व्यवहारातून वेगळी ठेवली गेली. ही जमीन पुढे वेगळ्या कंपनीत काढायची, असे ठरले. त्यासाठी २००५ मध्ये ‘हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया’ स्थापन झाली. प्रत्यक्ष विभाजन व्हायला २०२० उजाडले. त्या सप्टेंबरमध्ये टाटा कम्युनिकेशन्सच्या प्रत्येक शेअरमागे हेमिस्फिअरचा एक शेअर देण्यात आला.

१७/
हा बोनस नव्हता. बोनसमध्ये एकाच मालमत्तेचे जास्त तुकडे होतात. विभाजनात मालमत्ताच दोन कंपन्यांत वाटली जाते आणि भागधारकाचा दोन्हींवरचा हक्क टिकून राहतो. करारानुसार पॅनाटोनने आपल्या २५ टक्क्यांमागचे हेमिस्फिअरचे शेअर सरकारला दिले, म्हणून जमिनीच्या त्या कंपनीत सरकारचा वाटा ५१.१२ टक्के झाला. जमीन खरेदीदाराच्या पदरी पडू नये हा हेतू अठरा वर्षांनी का होईना पूर्ण झाला. कागदोपत्री त्या आर्वीकराचाही त्या जमिनीत हिस्सा होता: टाटा कम्युनिकेशन्स २६०, हेमिस्फिअर २६०. दोन्हींचे २०० डिमॅटमध्ये आणि ६० निधीत.

१८/
कागद रद्दीचे नव्हते, हे समजायला एक आकडा पुरे. मार्च २०२१ मध्ये सरकारने टाटा कम्युनिकेशन्समधला आपला उरलेला वाटा विकला. त्यातले १६.१२ टक्के शेअर बाजारात विकायला काढताना किमान दर ठेवला होता १,१६१ रुपये. त्या दराने २६० शेअर म्हणजे ३,०१,८६० रुपये, आणि हेमिस्फिअरचे शेअर याहून वेगळे. हक्कसोडपत्रातल्या ‘इतर सर्व जंगम मालमत्ता’ या चार शब्दांत एवढे सामावले होते.

१९/
राहिला नॉमिनीचा प्रश्न. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत ती स्पष्टपणे नाकारली. नामनिर्देशन केल्याने वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. नॉमिनीच्या नावे शेअर होतात ते कंपनीला व्यवहार सोपा जावा म्हणून, अंतिम हक्क वारसांचाच असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना त्याने सुरुवातीपासून समान वाटा दिला आहे. म्हणजे इथे चार वाटे, आणि २६० भागिले चार म्हणजे प्रत्येकी ६५.

२०/
करासाठी तारखांचा हाच क्रम पुन्हा लागतो. वारशाने शेअर मिळाला म्हणून कर लागत नाही. तो विकला की लागतो, आणि तेव्हा खरेदीची किंमत व शेअर धरून ठेवल्याचा काळ वडिलांपासून मोजला जातो. बोनस शेअरची खरेदी किंमत कायद्याने शून्य असते. मात्र ३१ जानेवारी २०१८ पूर्वी हाती आलेल्या नोंदणीकृत शेअरना त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार घेता येतो, त्यामुळे २०००च्या बोनसवरचा भार हलका होतो. विभाजन झाल्यावर मूळ खर्चही दोन कंपन्यांत वाटावा लागतो. वहीतल्या त्या दोन रेघा इथेही उपयोगी पडल्या. खर्चाचा आकडा त्यांच्याच वर होता.

२१/
हा सगळा हिशेब मुलीने आईला वाचून दाखवला. आईने एवढेच विचारले, “म्हणजे मलाही ६५?” चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तिच्या नावे काही असण्याची ही पहिलीच वेळ होती. थोरल्याने हक्कसोडपत्राचा मसुदा घडी घालून खिशात ठेवला. पुन्हा तो बाहेर आला नाही. दिवाणी न्यायालयात चौघांच्या नावे वारस प्रमाणपत्रासाठी अर्ज झाला. आईचे डिमॅट खाते उघडताना बँकेतल्या मुलीने व्यवसाय विचारला, तेव्हा तिने ‘शेती’ असे सांगितले.

२२/
डिमॅटमधल्या २०० शेअरची वाटणी झाली. दोन्ही कंपन्यांचे प्रत्येकी ५० शेअर चौघांच्या खात्यांत आले. उरलेल्या १५-१५ साठी निधीकडे दावा दाखल आहे. हरवलेल्या प्रमाणपत्राचे हमीपत्र, मृत्यूचा दाखला आणि न्यायालयाचे प्रमाणपत्र त्याला जोडले आहे. अर्ज भरताना मुलीने पत्त्याचा रकाना सर्वांत आधी भरला. गावाच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन लिहिले: तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.